बायकॅचच्या डेटात शून्य दिसला की आधी थांबा

बायकॅचवर, म्हणजे मासेमारीत नको असलेले प्राणी अडकण्यावर, नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. ट्रॉल, गिलनेट, लाँगलाइन म्हणजे काय, ऑब्झर्वर बोटीवर काय करतो हे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे ते सोडून देते आणि ज्या एका गोष्टीत माझं जवळजवळ वर्ष गेलं तिच्याकडे सरळ येते, ती म्हणजे शून्य.

माझ्या पहिल्या डेटात गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं) ओढल्याच्या १५० नोंदी होत्या, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी) एकही नाही. मी रिपोर्टात लिहून टाकलं की इथे पॉरपॉइज अडकत नाहीत. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. पण १५० वेळा दिसलं नाही म्हणजे अडकतच नाही असं नाही हो! हिशोब अगदी साधा आहे, एकही घटना दिसली नसेल तर ३ ला नोंदींच्या संख्येने भागायचं, साधारण ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. ३ भागिले १५० म्हणजे २ टक्के. सगळा ताफा मिळून वर्षाला १०,००० वेळा जाळी ओढत असेल तर २०० पॉरपॉइज मरत असतील आणि तरी तुमच्या शीटवर शून्य येऊ शकतो.

आता हे २०० कशाशी ताडायचे? अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांसाठी १९९४ च्या कायदादुरुस्तीपासून पीबीआर काढतात, म्हणजे माणसामुळे वर्षाला जास्तीत जास्त किती प्राणी मेले तरी चालतील तो आकडा: प्राण्यांच्या संख्येचा किमान अंदाज, गुणिले वाढीच्या कमाल दराचा अर्धा, गुणिले रिकव्हरी फॅक्टर (सावधगिरीचा गुणक). व्हेल-डॉल्फिनच्या गटात तो दर माहीत नसेल तर ४ टक्के धरतात. समजा किमान १,००० पॉरपॉइज आहेत, फॅक्टर ०.५, तर उत्तर १०. दहा! तुमचा डेटा ० ते २०० मधलं काहीही असू शकतं म्हणतोय आणि निर्णय दहावर अडलाय. त्यात एकाच फेरीतल्या नोंदी एकाच भागातल्या, त्याच दोन-चार दिवसांतल्या, त्यामुळे १५० म्हणजे खऱ्या अर्थाने १५० पण नसतात.

याहून वाईट गोष्ट मला स्वतः बोटीवर गेल्यावर कळली. जाळं वर येताना मेलेलं जनावर पाण्याबाहेर निघालं की स्वतःच्या वजनानेच सुटून पडतं, डेकपर्यंत येतच नाही, आणि ऑब्झर्वर त्या वेळी पाठमोरा बसून मासे मोजत असतो. डेन्मार्कच्या गिलनेट बोटींवर कॅमेरे लावले तेव्हा असे गळून पडलेले, खलाशांच्याही नजरेतून सुटलेले पॉरपॉइज कॅमेऱ्यात सापडले होते. मी परत येऊन सगळ्या डायऱ्या चाळल्या तर जाळ्याकडे खरंच कोणी बघत होतं अशा नोंदी फक्त ६० निघाल्या. ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के, म्हणजे २०० च्या जागी ५००. फॉर्ममध्ये 'पाहिलं, नव्हतं' आणि 'पाहिलंच नाही' या दोन्हीला शून्यच लिहिलेलं, आणि तो फॉर्म मीच बनवला होता. दोन वेगळे कॉलम ठेवा, प्लीज.

झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलचा (खूप शून्य असलेल्या डेटासाठीच्या मॉडेलचा) तयार कोड मागवणारे बरेच भेटतात. न पाहिलेलं जनावर कुठलंच मॉडेल शोधून देत नाही. आणि गाइड निवडताना पेपर किती आहेत यापेक्षा समुद्रावर किती रात्री काढल्यात ते विचारा, माझं मत पक्कं आहे.

घाबरू मात्र नका. शून्य आला म्हणून काम वाया जात नाही, फक्त त्याच्या शेजारी वरची मर्यादा लिहायची. आणि खात्री होईपर्यंत उपाय थांबवायचे असंही नाही, मेक्सिकोतले छोटे पॉरपॉइज, वाकिटा, १९९७ मध्ये सुमारे ५७० होते, आता १० च्या आसपास उरलेत, सगळे गिलनेटमुळे. उपाय आहेत: ट्रॉलमध्ये (बोटीमागे ओढायच्या जाळ्यात) कासवांसाठी टेड, म्हणजे बाहेर निघायची वाट, लाँगलाइनवर (गळ लावलेल्या लांब दोरावर) पक्ष्यांसाठी रात्री दोर सोडणं, दोराला वजन, टोरी लाइन (पक्ष्यांना दूर ठेवणारी फिती लावलेली दोरी). पिंगर (जाळ्याला लावायची आवाज करणारी यंत्रं) पॉरपॉइजना दूर ठेवतात, पण बॅटरी संपलेला पिंगर नुसताच जाळ्याला लटकतो आणि सील तर त्या आवाजामागे जेवायला येऊ शकतात, तेव्हा एका प्राण्यासाठी लावलेल्या उपायाने दुसऱ्याचं काय होतंय तेही मोजा.

पहिल्या फेरीला जाळं ज्या बाजूने वर येतं तिथेच उभं राहायची परवानगी तांडेलकडे आधीच मागून ठेवा, आणि तिथून हललात तर हललेली वेळ आणि परत आलेली वेळ दोन्ही लिहा. खलाशांना सांगा की दंड लावायला आलेले नाही. मला गळून पडणाऱ्या जनावरांबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते एका खलाशानेच, तिसऱ्या दिवशी, मी विचारल्यावर.