नुसतं "ओव्हरॲक्टिंग" म्हणू नका, नेमकं काय जास्त झालंय ते सांगा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात गणपतीत नाहीतर यात्रेत गावची पोरं नाटक बसवतात आणि तालमीला मागं बसलेला कोणतरी "ए, ओव्हरॲक्टिंग करू नको रे" म्हणून ओरडतोच. त्या पोराला त्यातनं काय कळणार? ते घाबरतंय आणि पुढच्या वेळी ॲक्टिंगच सोडून देतंय.

म्हणून शब्द नेमका द्या. आवाज वर चढला आणि खाली यायचं नावच घेत नाही, तर ते आक्रस्ताळं. भाव बरोबर आहे पण जाड फासल्यासारखा, तर भडक, बटबटीत. बोलताना पाठांतराचा हेल येतोय, तर नाटकी. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना मागं उगाच काहीतरी करून लोकांचं लक्ष ओढतोय, तर ते फुटेज खाणं, आणि टाळीसाठी आपल्या मनाची वाक्यं घुसडली की ॲडिशन घेतली म्हणायचं. आणि हो, "नौटंकी", "तमाशा" शिवीसारखं वापरू नका प्लीज, त्या कलांवर लोकांनी आयुष्यं घातलीत.

आता दुरुस्ती. आमच्याकडं एका सीनमध्ये बापाला मुलगा गेल्याचा निरोप येतो. करणारा पोरगा छाती बडवायचा, कपाळावर हात मारायचा, गुडघ्यावर पडायचा, सगळं एकाच वाक्यात. मी त्याला टॉवेल दिला आणि म्हटलं घडी घालत रहा, निरोप ऐकलास तरी घडी पुरी कर. त्यानं अर्धी घडी घातली आणि हात तिथंच थांबला, बस्स, टॉवेलचं टोक नुसतं लोंबत होतं आणि तालमीला बसलेली माणसं गप्प झाली. तर भडक होणाऱ्याला हातात काम द्या. आक्रस्ताळ्याला तेच वाक्य आधी शेजाऱ्याच्या कानात सांगायला लावा, मग स्टेजवर.

पण मोठा अभिनय म्हणजे चुकीचा अभिनय असं नाही हं. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल आणलं, त्या परंपरेत पात्र ऐन दुःखात उभं राहून पद गातं आणि ते खटकत नाही, कारण सगळं स्टेजच त्या पट्टीत असतं. गोकाककडचं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघा, तिथं सत्यभामेचा रुसवा शेवटच्या माणसापर्यंत पोचायलाच पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी (रोजच्या वागण्यासारखा) आणि नाट्यधर्मी (स्टेजच्या संकेतांनी केलेला) असे दोन प्रकारच सांगितलेत. खटकतं कधी, तर चौघं घरातल्यासारखं बोलालेत आणि पाचवा एकटाच दरबारात असल्यासारखा गर्जालाय.

ते पकडायला सोपं आहे, तालीम मोबाईलवर शूट करा आणि आवाज बंद करून सगळ्यांना दाखवा. पाचव्याला आपलं आपणच दिसतंय, कुणी ओरडायला लागत नाही.