आयटीतून औषधनिर्मितीत जाताना प्रकल्प व्यवस्थापकाने काय करावे?

सॉफ्टवेअर क्षेत्रातील प्रकल्प व्यवस्थापकाला औषधनिर्मिती उद्योगात जायचे असेल, तर बायोडेटा पाठवण्याआधी त्याने आपल्या प्रत्येक अनुभवाची मांडणी त्या उद्योगाच्या शब्दांत करून पाहावी. वेळापत्रक, खर्च, जोखीम आणि पुरवठादार सांभाळण्याचे कसब तिथेही उपयोगी पडते, मात्र चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत बदलते. सॉफ्टवेअरमधील दोष बहुधा पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतो; औषधाच्या कारखान्यात प्रमाणित प्रक्रियेत फेरफार करायचा, तर आधी 'चेंज कंट्रोल'ची नोंद, परिणामांचे मूल्यमापन आणि गुणवत्ता विभागाची मंजुरी लागते, आणि त्यासाठी दिवस राखून ठेवले नाहीत, तर प्रकल्प तिथेच अडकतो. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या उत्पादनाच्या नोंदीत, आकडा चुकला, तर पांढरी शाई लावून चालत नाही. एकच आडवी रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही, तारीख आणि कारण लिहावे लागते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण त्या कागदापलीकडे ते औषध घेणारा रुग्ण असतो.

तयारीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेले सुधारित 'शेड्यूल एम' (औषधनिर्मितीच्या योग्य पद्धतींविषयीचे भारतातील नियम) आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांविषयीचा अमेरिकेचा नियम '२१ सीएफआर भाग ११' मुळातून वाचावा. सॉफ्टवेअरच्या माणसाला संगणकीय प्रणालींचे व्हॅलिडेशन, म्हणजे प्रणाली ठरल्याप्रमाणे चालते हे तपासून कागदोपत्री सिद्ध करणे, हे काम सर्वांत जवळचे पडते. आवश्यकता लिहून त्यांच्या चाचण्यांचा माग ठेवण्याची सवय तिथे थेट कामी येते. बायोडेटात हा अनुभव सर्वांत वर असावा. प्रकल्प व्यवस्थापनाचे पीएमपी प्रमाणपत्र खाली गेले तरी चालेल.