शिकारीसाठी अमेरिकेत कुठे बिऱ्हाड करावं

नोव्हेंबर जवळ आला की मला कुणाचा तरी फोन येतोच. न्यू जर्सीतला नाहीतर बे एरियातला एखादा मराठी मुलगा असतो, अलीकडे मुलीही असतात. मित्राबरोबर रानात जाऊन आलेले असतात, एल्क या मोठ्या हरणाची हाक ऐकलेली असते, आणि म्हणतात, "ताई, आम्ही मोंटानाला राहायला जायचं म्हणतोय. कसं राहील?" मी दोनच गोष्टी विचारते. साध्या शनिवारी पहाटे घरातून निघालात तर मोकळं रान किती वेळात लागेल? आणि त्याच शनिवारी संध्याकाळी तुमच्या घरी कोण येईल? दोन्हीचं उत्तर ज्या गावात चांगलं मिळतं, तिथे बिऱ्हाड करावं. वर्षातून एकदा जायचं ठिकाण आणि बाराही महिने राहायचं ठिकाण एकच असायला हवं असं काही नाही.

मी चंद्रपूरची. ताडोबाच्या कडेला वाढले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार आमच्यासाठी आजोबांच्या गप्पांपुरती उरली होती, आणि ते योग्यच होतं. पुढे पेनसिल्वेनियात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. तिथे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी शाळासुद्धा बंद असायच्या, कारण हरणांचा हंगाम उघडायचा. (आता तो शनिवारी उघडतो, २०१९ पासून.) सहकाऱ्यांबरोबर रानात जाऊ लागले तेव्हा कळलं की इथली शिकार मोजूनमापून चालते आणि तिच्याच पैशावर रान जगतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. बदकांच्या शिकारीला १९३४ पासून वेगळा तिकीटवजा शिक्का लागतो, आज तो २५ डॉलरला मिळतो, आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जागा राखण्यात जातात. हे समजल्यावर मी ठरवलं की राहायचं ते रानाच्या जवळ. आज आम्ही मिनेसोटात आहोत, मिनीआपोलिसच्या वायव्येला मेपल ग्रोव्हमध्ये.

आधी व्हिसाचं बघा

राज्य निवडण्याआधी हे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर मनाई लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. म्हणजे बंदूक वर्षभर कपाटात आणि परवाना फक्त हंगामापुरता, असं चालत नाही. घरात नवऱ्याकडे परवाना आहे आणि बायकोकडे नाही, तर कपाटाची किल्ली कोणाच्या हाती आहे यालाही कायद्यात अर्थ असतो. त्यावर राज्याचे नियम वेगळे. ग्रीन कार्ड असेल तर ही विशिष्ट अडचण नाही. तरीही इमिग्रेशनचं प्रकरण चालू असताना एकदा वकिलाला विचाराच. इथली चूक दंडावर भागत नाही.

हंटर एज्युकेशनचा कोर्स मात्र आत्ता आहात तिथेच उरकून घ्या. त्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यांतही चालतं. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना. आपल्या वयाच्या माणसाची सुटका जवळपास कुठेच नाही, आणि असूही नये.

जमीन कोणाची आहे

टेक्सासची चर्चा इथे लवकर संपते. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, तिन्हीकडे मराठी माणूस भरपूर, नोकऱ्या भरपूर, हिवाळा सोपा. पण तिथली साधारण ९५ टक्के जमीन खाजगी आहे. शिकार करायची तर एखाद्या रँचवर वर्षाचे पैसे भरून जागा घ्यायची. ज्याला ते परवडतं आणि आवडतं त्याने खुशाल जावं. सकाळी उठून, कोणाला न विचारता, पाठीवर पिशवी टाकून रानात शिरण्याची ज्याला ओढ आहे, त्याचं तिथे भागणार नाही.

पश्चिमेकडे चित्र उलटं. नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, आयडाहोची ६० टक्क्यांहून जास्त, वायोमिंगची जवळपास निम्मी. मोंटानात हा आकडा ३० च्या आतच आहे, पण तिथे ब्लॉक मॅनेजमेंट नावाची योजना आहे. शेतकऱ्यांना मोबदला मिळतो आणि त्यांच्या लाखो एकर जमिनीवर लोकांना शिकारीला जाता येतं. नुसत्या टक्केवारीवर भाळू नका. वायोमिंगमध्ये रेल्वेच्या काळापासून सरकारी आणि खाजगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पडले आहेत. एका सरकारी चौकोनातून कोपऱ्यावरून दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकलं तर घुसखोरी होते का, यावर तिथे बरीच वर्षं खटला चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमाला लागू आहे. मोंटाना आणि आयडाहो त्या कोर्टाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून नकाशा उघडताना हिरवा रंग किती दिसतो एवढंच पाहू नका. त्या हिरव्यापर्यंत रस्ता जातो का ते पाहा. ऑनएक्ससारख्या ॲपवर जमिनीचा मालक कोण ते कळतं.

मग येतो टॅगचा प्रश्न. एल्क, मूस अशा मोठ्या हरणांचे टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याचे परवाने, बऱ्याच ठिकाणी सोडतीने निघतात. कोलोरॅडोत सोडतीत नंबर पुढे यावा म्हणून दरवर्षी पॉइंट साठवत जावे लागतात, त्यामुळे चांगल्या भागात नव्या माणसाचा नंबर उशिरा लागतो. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, सगळ्यांची चिठ्ठी एकाच डब्यात. पस्तिशी-चाळिशीत जागा बदलणाऱ्याने याचा विचार जरूर करावा, कारण ज्यांनी विशीपासून पॉइंट जमवलेत त्यांच्या मागे आपण रांगेत उभे राहतो.

रहिवासी होण्याचा फरक तर खिशालाच कळतो. मोंटानात रहिवाशाला एल्कचा परवाना साधारण २० डॉलरला पडतो, बाहेरच्याला एल्कच्या जोडपरवान्याचे हजाराच्या वर मोजावे लागतात. पण रहिवासी कधी व्हायचं, याचा नियम राज्यागणिक बदलतो: विस्कॉन्सिनमध्ये ३० दिवस, मिनेसोटात ६०, कोलोरॅडोत सहा महिने, मोंटानात सलग १८० दिवस, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष. घर बदलण्याचा महिना यावर ठरवा. ऑगस्टच्या अखेरीला मोंटानातल्या बोझमनला पोचलात तर पहिला हंगाम नुसता बघण्यात जाईल. मेपल ग्रोव्हला पोचलात तर नोव्हेंबरात रहिवासी म्हणून रानात असाल. खोटा पत्ता देऊन रहिवासी परवाना घेण्याचा विचारही मनात आणू नका. राज्यांचा आपसात करार आहे, एका ठिकाणी परवाना गेला की बाकीकडेही जातो.

आम्ही मिनेसोटा घेतलं ते शनिवारच्या हिशेबाने. इथे एल्कची शिकार जवळपास नाहीच, डोंगर नाहीत. पण हरणाचा परवाना दुकानात जाऊन साधारण ३४ डॉलरला मिळतो, सोडतीची वाट पाहावी लागत नाही. राज्याने शिकारीसाठी राखलेली रानं, ज्यांना इथे डब्ल्यूएमए म्हणतात, ती जागोजाग आहेत. कार्लोस एव्हरी घरापासून तासाच्या आत, मिल लॅक्सकडचं रान दीड तासाच्या आत. सप्टेंबरच्या मध्यापासून ग्राऊस हे रानपक्षी, मग बदकं, मग फेझंट पक्षी, मग हरिण. लॅबमधून शुक्रवारी सहाला सुटले तरी शनिवारी उजाडताना मी मचाणावर असते, आणि दुपारी मुलीच्या तबल्याच्या क्लासला तिला सोडायलाही मीच असते. एल्कसाठी वर्षाआड पश्चिमेला जाता येतं. तबल्याचा क्लास बोझमनला नेता येत नाही.

माणसं

सोबत येणाऱ्या माणसाला शिकारीत रस नसेल तर त्याचा विचार आधी करा. बोझमन फार सुंदर गाव आहे, पण तिथून सॉल्ट लेक सिटी गाडीने सहा तासांच्या आसपास आणि घरांच्या किमती ऐकून छाती दडपते. कढीपत्ता, गणपतीची आरती, मुलांशी मराठीत बोलणारी दुसरी आई, हे सगळं तिथे स्वतः उभं करावं लागेल. काही जण करतात, त्यांचं मला कौतुक आहे. कोलोरॅडोतलं फोर्ट कॉलिन्स हा मधला मार्ग आहे: पूडर कॅन्यन आणि रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्ट दाराशी, डेन्व्हर तासाभरावर. माझ्या मते पश्चिमेकडचे डोंगरच हवे असतील तर मराठी कुटुंबाने सगळ्यात आधी तेच पाहावं. मात्र तिथल्या शहरी मतदारांची शिकारीबद्दलची मतं बदलत आहेत. २०२४ मध्ये प्यूमाच्या, म्हणजे डोंगरी सिंहाच्या, शिकारीवर बंदी घालायचा प्रस्ताव मतदानाला आला होता, तो पडला. मिनेसोटाच्या घटनेत १९९८ पासून शिकार आणि मासेमारीच्या वारशाला संरक्षण आहे. विस्कॉन्सिन, मोंटाना, आयडाहो, वायोमिंगमध्येही तशी तरतूद आहे.

मेपल ग्रोव्हमध्ये मोठं हिंदू मंदिर आहे, ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनीआपोलिस-सेंट पॉलमध्ये, मराठी मंडळ आहे. आमच्या सासूबाई माळकरी, दरवर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. म्हणून घर बघतानाच मी गॅरेजमध्ये डीप फ्रीझरला जागा आणि वेगळं सिंक आहे का ते पाहिलं. मांस स्वयंपाकघरात येत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात, चातुर्मासात फ्रीझर उघडत नाही, आणि हरणाच्या मांसाचे वाटे शेजारी, लॅबमध्ये आणि मुलांच्या मास्तरांकडे जातात. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "जनावराला त्रास होतो का?" मी म्हटलं, होऊ नये म्हणूनच वर्षभर नेमबाजीचा सराव करते. तुमच्या घरातही हे बोलणं जागा बदलण्याआधी होऊ द्या.

इथे एक अडचण येते, ती दिवाळीची. मिनेसोटात बंदुकीने हरणाचा हंगाम ६ नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या शनिवारी उघडतो. २०२६ मध्ये तो ७ तारखेला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ ला. आमचं घरात ठरलंय: शनिवारी रान, रविवारी दुपारी बाराच्या आत घरी, अभ्यंगस्नान उशिरा का होईना पण सगळ्यांचं एकत्र. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, तिथे ही ओढाताण नाही.

आता गावातल्या लोकांबद्दल. आपण सावळे, नाव उच्चारायला अवघड, त्यात मी बाई आणि खांद्याला रायफल. कुठलं गाव कसं वागवेल हे आकडेवारीत सापडत नाही. त्यासाठी हंगामात तिथे जायचं. पहाटे पाचला महामार्गावरच्या कॅफेत बसायचं, केशरी जाकिटातल्या लोकांना काय चाललंय ते विचारायचं, काडतुसांच्या दुकानात मूर्ख वाटेल असा प्रश्न विचारून बघायचा. उत्तर कोणत्या सुरात येतं त्यावरून बरंच कळतं. बायकांसाठी तर एक चांगली सोय आहे: १९९१ मध्ये विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंट विद्यापीठातून सुरू झालेला 'बिकमिंग ॲन आउटडोअर्स-वुमन' हा उपक्रम आता अनेक राज्यांत चालतो. ज्या राज्यात जायचं मनात आहे तिथल्या शिबिराला आधीच जाऊन या. मैत्रिणी मिळतात, आणि मैत्रिणींच्या काकांच्या जमिनीही.

त्या रानाचे पहिले धनी कोण तेही शिकून घ्या. मिल लॅक्सच्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांनी १८३७ च्या तहात शिकारीचे, मासेमारीचे आणि रानमेवा गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले होते, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. गावात यावरून अजून कडवट बोलणं ऐकू येतं. गोंड गावांच्या शेजारी वाढलेल्या मला त्यात कोणाच्या बाजूने उभं राहायचं याचा विचार करावा लागला नाही.

घर घेण्याआधी

एकदा फेब्रुवारीत जाऊन राहा. मिनीआपोलिसला जानेवारीचं सरासरी तापमान उणे ९ अंशांच्या आसपास असतं आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. ज्याला गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला आवडेल तो तरेल. तिथेही बर्फ किमान चार इंच जाड असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. ज्याला घरात बसून वसंताची वाट पाहायची आहे त्याने आयडाहोतल्या बॉइसीचा विचार करावा.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. त्या भागात हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे का ते राज्याच्या नकाशावर बघा. तो १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा लक्षात आला आणि २००२ पासून विस्कॉन्सिनमध्ये आहे. लागण झालेल्या भागात हरणाची तपासणी करूनच मांस खायचं, आणि रोग निघाला तर सगळं टाकायचं. लॅबमध्ये काम करणारी म्हणून सांगते, यात घासाघीस नको. घरमालकाला किंवा सोसायटीला विचारा की गॅरेजमध्ये हरिण टांगलं तर चालेल का. बऱ्याच नव्या वसाहतींच्या नियमांत ते बसत नाही. नसेल बसत, तर हरिण कापून देणारा खाटीक जवळ कुठे आहे आणि हंगाम उघडण्याच्या शनिवारी तो रात्री कितीपर्यंत घेतो, हे भाडेकरारावर सही करण्याआधी फोन करून विचारून ठेवा.