पहिल्या महायुद्धातल्या मराठा शिपायाची नोंद सापडत नव्हती: माझा अनुभव

लक्षण: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणारी संस्था) ऑनलाइन यादीत नाव-आडनाव टाकलं की निकाल शून्य. शिपाई मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) वारला हे नक्की.

आडनावाची सात-आठ स्पेलिंग झाली, ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ झालं, जिल्हा सांगली टाकून झालं. डोकं फिरायची वेळ आली.

चूक आमच्याच शब्दांत होती. शेवटी जमलं ते या क्रमाने:

आधी नाव-आडनावाचे दोन्ही रकाने कोरे ठेवले. कित्येक शिपायांचं आडनाव नोंदलेलंच नसतं. मग युद्ध पहिलं, सेवा भारतीय सैन्य. मृत्यूची तारीख ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, कारण युद्ध संपल्यानंतरचे मृत्यूही यादीत धरलेत. रेजिमेंटमध्ये ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग: एम-ए नंतर जादा एच, शिवाय दोन टी. पलटणींचे आकडे १९२२ पूर्वीचे घ्यायचे, कारण त्या साली ते बदलले. मेसोपोटेमियातल्या कुत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

खरी किल्ली ‘अधिक माहिती’च्या रकान्यात. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतील तर तिथेच, आणि तेही तेव्हाचे. तासगाव, वाळवा म्हणजे सातारा (सांगली वेगळी झाली १९४९ला, तीही ‘दक्षिण सातारा’ म्हणून). रायगडसाठी कुलाबा. मालवणसाठी रत्नागिरी.

एवढी चाळणी लावून निकाल स्प्रेडशीटमध्ये उतरवला आणि गावाच्या रकान्यावरून डोळ्यांनी शोधला. जिवंत परतलेल्यांना इथे शोधू नका, ही फक्त मृतांची यादी आहे.