पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) पोस्टिंगला जाताय? आधी "एवढ्या उशिरा का आणलं" विचारणं बंद करा

सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस झालं की वर्षाचा सरकारी सेवेचा बॉण्ड, त्यामुळे बरेचजण पीएचसीत शिक्षा भोगायला आल्यासारखे येतात. मीपण मेळघाटात तसाच आलो. पहिल्याच आठवड्यात एका बाईला झापलं, पोराला चार दिवस ताप आणि आज आणतेस? ती गप्प. नंतर आशाताई म्हणाल्या, सर, त्यांच्या गावातनं जीप बाजाराच्या दिवशीच निघते.

तर पहिलं काम, बाजाराचा वार कोणता ते विचारून घ्या. त्या दिवशी ओपीडी तुंबणार, जेवण चार वाजता होणार, हे धरूनच चाला आणि बीपी, एचबी (हिमोग्लोबिन), बाळाचं वजन सगळं त्याच दिवशी उरका, कारण "उद्या या" म्हटलं की माणूस थेट पुढच्या बाजाराला दिसतो. हिस्ट्रीत "कधीपासून"च्या जोडीला "कसं आलात, परत कसं जाणार" हेपण विचारत जा.

भाषेचं म्हणाल तर इथली कोरकू मराठीच्या जवळपासपण नाही, मुंडा भाषागटातली आहे, त्यामुळे दहा-बारा शब्द अटेंडंटकडून वहीत लिहून घ्या. एखादी म्हातारी तुम्हाला तू म्हणेल, राग धरू नका, तुम्ही मात्र "आजी, तुम्ही" असंच बोला.

डंब्याची, म्हणजे उपाय म्हणून चटके दिलेल्या बाळाची, केस आली की डोकं फिरतं, तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके बघून माझंपण फिरलेलं. पण आधी जखम बघा, बाळ दूध ओढतंय का बघा, बोलायचं ते नंतर आणि हळू, कारण आरडाओरडा केलात तर पुढच्या वेळी त्याची आई भूमकाकडे (गावातला वैदू) जाईल आणि तुमच्याकडे येणारच नाही.

टीबीच्या पेशंटला "डिफॉल्टर" (औषध अर्धवट सोडणारा) म्हणून मोकळं होऊ नका. औषधं सहा महिने, आणि दिवाळीनंतर अख्खं घर कामाला बाहेर, ते होळीलाच परत. त्यामुळे दिवाळीच्या आधीच कुठे जाणार, मुकादमाचा नंबर काय, ते लिहून घ्या आणि निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) तिकडे ट्रान्सफर करा. बरंच किचकट काम आहे, पण दुसरं कोण करणार?

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पहिल्याच वर्षी पोरांना गावात कॅम्पला ठेवतात, आमच्या कॉलेजात गाव म्हणजे पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याचा विषय) जर्नलमधलं चित्र. ती कसर भरायची तर एका दुपारी आशाताईंसोबत चालत होम व्हिजिटला जा, जीप नको, अॅप्रन नको, पाण्याची बाटली मात्र घ्या. मी झापलेल्या त्या बाईच्या गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत मला पावणेदोन तास लागले, तेपण कडेवर पोर नसताना.