उघडेनाशा डिस्कमधून आईच्या ओव्या कशा काढल्या

आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग ज्या १ टीबीच्या डिस्कवर होतं, ती अचानक उघडेनाशी झाली. 'फॉरमॅट करायचं का?' असं विंडोज विचारत राहिलं. मी नाही म्हटलं. डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं चेकडिस्कही चालवलं नाही, कारण दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर बदल लिहितं.

डिस्क टकटक करत नव्हती. तसा आवाज असता तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच दिली असती.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालात पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले संशयास्पद तुकडे) शेकड्यांनी दिसले. मग पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने २ टीबीच्या नव्या डिस्कवर अख्खी इमेज, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा शेवटी खरवडतं. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल मात्र द्यायलाच हवी! पहाटे वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, पण त्या फाइलमुळे काम होतं तिथूनच पुढे सुरू झालं. नंतर इमेजवर टेस्टडिस्क हा हरवलेल्या फाइल शोधणारा प्रोग्राम चालवला. फोल्डर नावांसकट मिळाले. दोन ओव्या मध्येच तुटतात, त्याचं फार वाईट वाटतं.

आता तीन प्रती आहेत: कॉम्प्युटरवर, कपाटातल्या डिस्कवर आणि पुण्याला ताईकडे. दर महिन्याला त्यातली एखादी ओवी लावून पूर्ण ऐकतो.