दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचे, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

गोव्यात फोंड्याच्या बाजूला देवळाच्या सभागृहात लग्न असलं की एक कॅमेरा मंडपासमोर, दुसरा पाहुण्यांत आणि बाहेर ड्रोन अशी मांडणी ठरलेली. टाइमलाइनवर तिन्हींचं फुटेज शेजारी आलं की एकात नवरीची साडी डाळिंबी दिसते, दुसऱ्यात विटकरी. मग कुठल्या सॉफ्टवेअरचं मॅचचं (रंग आपोआप जुळवणारं) बटण चांगलं, याची चर्चा सुरू होते. पण निवड त्या बटणावरून करू नये. दोन शॉट शेजारी ठेवून पाहता येतात का, स्कोप (रंग आणि उजेड मोजून दाखवणारे आलेख) कसे आहेत, आणि एका क्लिपवरची दुरुस्ती त्याच कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिपवर किती सहज जाते, हे आधी बघावं.

तुलनेसाठी दोन शॉटची एकच जोडी घ्या आणि तीच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वापरा. अक्षता पडतानाचा क्षण चांगला: दोन्ही कॅमेऱ्यांत चेहरा आहे, पांढरं उपरणं आहे, काळे केस आहेत. ऑटो मॅच फ्रेममधल्या रंगांची गोळाबेरीज बघतं. त्यामुळे एका शॉटमध्ये चिऱ्यांची भिंत आणि तांबडी माती भरलेली असेल नि दुसऱ्यात नुसता चेहरा, तर चेहराही मातीच्या रंगाकडे ओढला जातो.

मॅचच्या आधी दोन गोष्टी उरका. लॉगमध्ये (मुद्दाम फिकं, नंतर रंगवायचं) शूट केलेलं फुटेज रेक ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या पडद्याच्या रंगमानकात, आणा, आणि ज्या त्या कॅमेऱ्याचं रूपांतर वापरा. सोनीच्या एस-लॉग ३ चा लट (LUT, रंग बदलायचा तयार तक्ता) डीजेआय ड्रोनच्या डी-लॉग एमवर टाकला तर पुढची सगळी मेहनत वाया. दुसरं, लेव्हल्स, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांचा पल्ला. एक क्लिप फुल रेंजची आणि दुसरी व्हिडिओ रेंजची असून सॉफ्टवेअरने चुकीची ओळखली, तर एकीचे काळे भाग राखाडी दिसतात किंवा पार बुडतात. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स बदलता येतात. ही चूक कलर व्हीलने (रंग-उजेड हलवायच्या चकत्यांनी) दुरुस्त करत बसू नये.

या कामासाठी आमचा कौल दा विंची रिझॉल्व्हला, आणि तोही फुकट आवृत्तीला. जे शॉट बदलायचे ते कलर पेजवर निवडा, मग संदर्भाच्या शॉटच्या थंबनेलवर राइट क्लिक करून ‘शॉट मॅच टू धिस क्लिप’ म्हणा. निकाल बहुतेक वेळा अर्धवट येतो, पण सुरुवात मिळते. रिझॉल्व्हची खरी ताकद पुढे आहे. संदर्भाच्या शॉटचा स्टिल गॅलरीत घ्या आणि वाइप (पडदा दोन भागांत विभागणारी सोय) लावा. अर्ध्या पडद्यावर तो, अर्ध्यावर चालू शॉट, आणि पॅरेडमध्येही (लाल, हिरवा, निळा असे तीन स्तंभ दाखवणारा स्कोप) दोन्ही शेजारी दिसतात. मग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप निवडून त्यांचा ग्रुप करा. कॅमेऱ्यांतला फरक ‘ग्रुप प्री-क्लिप’मध्ये एकदाच दुरुस्त करायचा, त्या त्या शॉटची किरकोळ डागडुजी ‘क्लिप’मध्ये, आणि सगळ्यांचा समान लुक टाइमलाइनच्या नोडमध्ये (नोड म्हणजे दुरुस्तीचा एक टप्पा). उद्या पाहुण्यांतला कॅमेरा थोडा हिरवट वाटला तर एकाच जागी बोट लावायचं. कलर चार्ट (ठरावीक रंगांच्या चौकटींचा तक्ता) शूट केला असेल तर वेगळं ‘कलर मॅच’ पॅलेट आहे, पण ज्या प्रकाशात चार्ट धरला त्याच प्रकाशापुरतं ते खरं.

फुकट आवृत्तीची अडचण दुसरीकडे आहे. विंडोजवर १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारं) फुटेज ती अनेकदा नीट उघडत नाही, नुसता आवाज येतो. काम घेण्याआधी एक क्लिप टाकून बघा. अडलं तर शटर एन्कोडर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या, मात्र डिस्कवर भरपूर जागा ठेवा. नॉइज रिडक्शनही फक्त पैशांच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे.

प्रीमियर प्रोमध्ये लुमेट्री पॅनेलच्या ‘कलर व्हील्स अँड मॅच’मध्ये ‘कंपॅरिझन व्ह्यू’ उघडा, संदर्भाची फ्रेम शोधा, प्लेहेड चालू क्लिपवर ठेवून ‘अप्लाय मॅच’ दाबा. हे मॅच फक्त व्हील आणि सॅचुरेशन हलवतं, त्यामुळे काय बदललं ते दिसतं आणि हाताने सुधारता येतं. चेहरे असतील तर ‘फेस डिटेक्शन’ चालू ठेवा. नुसता दीपस्तंभ किंवा समुद्र असेल तर बंद, उगाच वेळ जातो. इथे नेहमी घोटाळा होतो तो अॅडजस्टमेंट लेयरचा (खालच्या सगळ्या क्लिपना एकदम लागणारा थर): दोन कॅमेरे एकाच ट्रॅकवर कापलेले असतील तर तो दोघांनाही लागतो. कॅमेऱ्याची दुरुस्ती सोर्स क्लिपवर लावा, म्हणजे त्या क्लिपचे सगळे तुकडे एकदम बदलतात. जो आधीच अडोबीची वर्गणी भरतोय त्याने केवळ रंगासाठी घर बदलायची गरज नाही.

फायनल कट प्रो विंडोजवर नाही, अॅपलच्या मॅक आणि आयपॅडवरच; पुढची पद्धत मॅकची. क्लिप निवडून ऑप्शन-कमांड-एम, संदर्भाच्या शॉटवर क्लिक, ‘अप्लाय मॅच’. वेगात याचा हात धरणारं कोणी नाही. पण मॅचचा निकाल बंद पेटीसारखा येतो, आत स्लायडर नाहीत. वर वेगळे कलर व्हील लावूनच सुधारायचं. केडेनलाइव्ह या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्कोप चांगले आहेत, पण जुळवणी पूर्ण हातानेच करावी लागते. शिकायला मात्र उत्तम.

बटणाने ऐंशी टक्के काम झालं असं वाटलं तरी शेवट पॅरेडवरच करायचा, आणि क्रम मोडायचा नाही. आधी नुसता उजेड: लिफ्टने (गडद भागांचा उजेड) केसांचा काळा भाग दोन्ही शॉटमध्ये एका उंचीवर, गेनने (उजळ भागांचा उजेड) उपरण्याचा पांढरा. समईची ज्योत पांढरा म्हणून धरू नका, तिथला तपशील कॅमेऱ्यात जळलेलाच असतो. मग लाल, हिरवा, निळा हे तिन्ही स्तंभ उपरण्याच्या जागी सारखे करा. मग गॅमाने (मधला उजेड) चेहरा, आणि सॅचुरेशन सगळ्यात शेवटी. उजेड जुळवण्याआधी रंग हलवला तर प्रत्येक वेळी परत फिरावं लागतं.

त्वचेसाठी चेहऱ्याभोवती मास्क करून फक्त तेवढाच भाग व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा आणि गडदपणा दाखवणारा गोल आलेख) पाहा; ठिपके स्किन टोनच्या रेषेजवळ यायला हवेत. हळदीच्या कार्यक्रमात आणि शिगमोत (गोव्यातल्या शिमग्यात) गुलाल उडाल्यावर ही रेषा विसरा. हळद लागलेला चेहरा रेषेवर ओढला तर हळदच नाहीशी होते. तिथे कान, हात किंवा हळद न लागलेला पाहुणा धरावा.

शिगमोच्या चित्ररथांवरच्या जांभळ्या-निळ्या एलईडींनी आणखी एक त्रास होतो: लाल, हिरवा, निळा यांतला एक चॅनल पार भरून जातो आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात. भरलेल्या चॅनलमधला तपशील परत येत नाही. ‘ह्यू व्हर्सेस सॅट’ (ठरावीक रंगाचाच गडदपणा बदलणाऱ्या) कर्व्हने त्या रंगाचं सॅचुरेशन उतरवलं की निदान डोळ्यांना खुपत नाही. हा कर्व्ह रिझॉल्व्ह, प्रीमियर आणि फायनल कट या तिन्हींत आहे. पावसाळ्यातला हिरवा प्रत्येक कॅमेरा वेगळा दाखवतो. तो ‘ह्यू व्हर्सेस ह्यू’ने (एका रंगाची छटा बदलणाऱ्या कर्व्हने) थोडाच सरकवा, जास्त ओढला तर माडांच्या कडा तुटतात.

सभागृहातल्या दिव्यांमुळे फुटेजवर पट्टे फिरत असतील तर कुठलंच मॅच टिकत नाही, कारण रंग फ्रेमगणिक बदलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुतेक वेळा हे टळतं. दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्सही ऑटोवर न ठेवता एकाच केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचा आकडा) बांधा. दारातून ऊन आणि आत पिवळे दिवे अशी मिसळ असेल तर चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो त्याला धरा.

मॅकवर काम करताना निर्यात केलेली फाइल क्विकटाइममध्ये फिकी दिसली तर लगेच ग्रेड (केलेली रंगदुरुस्ती) बदलू नका. तो प्लेयरच्या गॅमाचा फरक असू शकतो; रिझॉल्व्हमध्ये निर्यातीचा गॅमा टॅग ‘रेक ७०९-ए’ करून पुन्हा पाहा, आणि तीच फाइल ग्राहकाच्या फोनसारख्या एखाद्या फोनवरही चालवून बघा.